आजच्यापुरती भाकर

परीक्षा, निकाल, नोकरी, घरचे पैसे. काळजीने झोप उडते तेव्हा ‘देवावर भरवसा ठेव’ असं सगळे सांगतात. पण ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? ख्रिस्ती घरात वाढलेल्या एका मुलीने हे शिकताना खाल्लेल्या ठेचा, आणि त्यातून हाती लागलेलं थोडंसं.

रात्रीचे अडीच वाजलेत. रूममेट शांत झोपलीय. मोबाइल उलटा ठेवलाय, तरी दर पाच मिनिटांनी हात तिकडे जातोच. पेपर परवा आहे, निकाल तर दीड महिन्याने. पण डोक्यात सगळं आत्ताच चालू आहे. विषय राहिला तर? वर्ष गेलं तर? घरी काय सांगायचं? परत फी कुठून आणायची? एका प्रश्नाचं बोट धरून दुसरा येतो आणि पहाटेपर्यंत तुम्ही मनातल्या मनात नापास होऊन, बेकार होऊन, आईबाबांचं म्हातारपण बिघडवून मोकळे झालेले असता. प्रत्यक्षात अजून काहीच घडलेलं नसतं.

ओळखीचं वाटतंय? मग आपलं जमेल.

आधीच सांगते, तुमचा देव कुठल्या नावाचा आहे, किंवा तुम्ही देव मानताच की नाही, हे मी विचारणार नाही. मी ज्या घरात वाढले तिथलं सांगणार आहे. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. घरात बायबल, भिंतीवर रोजच्या वचनाचं कॅलेंडर, रविवारी सकाळी उपासना. उद्याची काळजी वाहू नये असं येशूने सांगितलंय, हे मला पाढ्यांइतकंच पाठ होतं. पाठ होतं, म्हणजे कळलं होतं असं नाही.

देवाशी केलेला सौदा

मी टी.वाय.ला होते तेव्हाची गोष्ट. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे. त्या वर्षी बाबांचं कंत्राटी काम सुटलं. घरून पैसे यायचे, पण फोनवर आईचा आवाज बदलला होता. कॅम्पसमधून मला एका ठिकाणी नोकरी लागली होती, अट एकच, सगळे विषय एका दमात सुटले पाहिजेत. आणि कॉस्टिंगचा पेपर बेकार गेला.

मग मी ते केलं जे आपल्यापैकी बरेचजण करतात. देवाशी सौदा. तू मला एवढा विषय सोडव, मी एकही रविवार चुकवणार नाही. रोज सकाळी वाचन करीन. उपास करीन. रात्र रात्र तीच प्रार्थना. मला वाटायचं, यालाच भरवसा म्हणतात. निकाल माझ्या मनासारखा लागेल अशी खात्री स्वतःला पटवत राहायची, आणि शंका आली की घाबरून अजून जोरात प्रार्थना करायची.

निकाल लागला. कॉस्टिंग गेला. नोकरी गेली.

मी चर्चला जाणं बंद केलं. म्हणजे भांडून वगैरे नाही, आपलं रविवारी उशिरापर्यंत झोपायचं. गावी गेले तेव्हा ओळखीतल्या एकांनी प्रेमाने समजावलं, ‘विश्वास कमी पडला गं तुझा.’ ते वाक्य मला निकालापेक्षा जास्त लागलं. म्हणजे मी अभ्यासातही नापास आणि विश्वासातही. काळजी होतीच, आता काळजी वाटते म्हणून अपराधीही वाटायला लागलं. हे जोडओझं तुमच्यापैकी कुणी वाहत असेल तर थांबा. ते खाली ठेवता येतं. कसं, ते मला शिकवलं आजीने, आणि तेही एकदम साध्या प्रश्नाने.

‘जेवलीस का?’

आजी रोज रात्री फोन करायची. प्रश्न ठरलेला. ‘जेवलीस का?’

‘हो.’

‘मग आजचं दिलं की त्यानं. उद्याचं उद्या मागू.’

आधी मला याचा राग यायचा. माझं करिअर बुडालंय आणि हिचं काय, जेवलीस का! एकदा मी चिडून म्हणालेच, ‘आजी, जेवण मेसमध्ये मिळतं गं. नोकरी मिळत नाही.’ ती हसली. मग तिने १९७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली पोर. विहिरी आटलेल्या, शेतात काही नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळायची ती सुकडी, आणि रेशनवर मिळायचा तो लाल मिलो. त्याची भाकरी थापताना मोडायची.

‘तवा कसला भरवसा ठेवलास?’ मी तिच्याच भाषेत विचारलं.

‘कसला नाय. सकाळी उठून म्हणायची, देवा, आजच्यापुरतं हात चालू दे. रातच्याला म्हणायची, झाला बाबा आजचा दिस. पावसाचं मागत बसले असते तर येडी झाले असते.’

मला वाटायचं, आजीचा विश्वास मोठा, माझा लहान. तिच्याशी बोलल्यावर कळलं की उलट आहे. मी देवाकडून पुढच्या तीस वर्षांची हमी मागत होते. ती एका दिवसाचं मागत होती. तिची मागणी छोटी होती, म्हणून ती रोज करता येत होती.

साठवलं की किडे पडतात

हे आजीचं स्वतःचं तत्त्वज्ञान नव्हतं बरं का. ते तिने वाचलेल्या पुस्तकात जागोजागी आहे. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकात एक गोष्ट आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक रानात येतात. खायला काही नाही. तेव्हा देव त्यांना मान्ना देतो. रोज सकाळी दव उडून गेलं की जमिनीवर पांढरे बारीक कण दिसत. ‘हे काय आहे?’ असं लोकांनी विचारलं, त्यावरूनच मान्ना हे नाव पडलं. नियम एवढाच, ज्याने त्याने त्या दिवसापुरतं गोळा करायचं. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढं दुप्पट घ्यायची मुभा.

आता माणसं ती माणसं. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवलंच. सकाळी बघतात तर त्यात किडे पडलेले आणि घाण वास सुटलेला.

रात्री अडीच वाजता आपण नेमकं हेच करत असतो. आजच्या ताकदीत उद्याचं, परवाचं, पाच वर्षांनंतरचं संकट पेलायला बघतो. ताकद त्यासाठी मिळालेलीच नसते. ती आजच्यापुरती असते. मग डोक्यात किडे पडणारच.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यातही मागणं आजच्या दिवसाचंच आहे. आणि मराठी बायबल वाचलंत तर तिथे ब्रेडबिड नाही, चक्क भाकर आहे. आमच्या आजीला ते परकं कधी वाटलंच नाही, ते यामुळे असेल. गंमत म्हणजे या ‘रोजची’साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आलाय तो इतका दुर्मीळ आहे की त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासक अजून वाद घालतात. रोजची, गरजेपुरती, येणाऱ्या दिवसापुरती. पण वर्षभराची, असं मात्र कुणी म्हणत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात पाखरांचं आणि रानफुलांचं उदाहरण येतं. तो उतारा फोटो फ्रेमवर छापलेला तुम्ही पाहिला असेल. ऐकायला गोड वाटतो. पण येशू ते कुणाला सांगत होता? रोमन सत्तेखालच्या गालीलातल्या साध्या माणसांना. मासे धरणारे, शेतात राबणारे, मजुरीवर जाणारे. त्यांना उद्याच्या जेवणाची काळजी म्हणजे काय, हे कुणी समजावायची गरज नव्हती. आणि त्या उताऱ्याच्या शेवटी तो काय सांगतो, तेही बघा. तुमचा दिवस छान जाईल असं तो म्हणत नाही. प्रत्येक दिवसाला त्याचा त्याचा त्रास पुरेसा आहे, असं म्हणतो. म्हणजे त्रास आहे, हे त्याला मान्य आहे. फक्त उद्याचा आज उचलू नका, एवढंच.

पाखरांचं म्हणाल, तर ती घरट्यात चोच उघडून बसून राहत नाहीत. दिवसभर दाणे शोधतात. तेव्हा ‘देव बघून घेईल’ म्हणत पुस्तक मिटून ठेवणाऱ्यांना या उताऱ्याचा आधार घेता येणार नाही, सॉरी.

घाबरलेला येशू

विश्वास कमी पडला म्हणून काळजी वाटते, या समजाला मोडून काढणारा प्रसंग बायबलमध्येच आहे, आणि तो खुद्द येशूचा आहे.

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री तो जेरुसलेमजवळ जैतुनाच्या डोंगरावर गेथशेमाने नावाच्या ठिकाणी जातो. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. उद्या काय होणार आहे हे त्याला कळलंय. तो अस्वस्थ आहे, आणि ते तो लपवत नाही. तीन मित्रांना सांगतो की माझा जीव व्याकूळ झालाय, जरा माझ्यासोबत जागे राहा. मित्र झोपी जातात. (ग्रुप स्टडीला काय होतं, ते आठवा.) लूकने लिहिलंय की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. मत्तय सांगतो की त्याने तीच प्रार्थना तीनदा केली. हे माझ्यापासून दूर होऊ शकत असेल तर होऊ दे. तरीही माझ्या नाही, तुझ्या मनासारखं होवो.

ज्याला आम्ही देवाचा पुत्र मानतो, तो जर असा घामाघूम होऊ शकतो, तर कॉस्टिंगच्या पेपरआधी तुमचे हात थंड पडले म्हणून तुमचा विश्वास खोटा कसा ठरेल? भीती आणि भरवसा एकाच माणसात, एकाच रात्री, शेजारी शेजारी बसू शकतात. मला हे कळलं तेव्हा खरं सांगते, खूप हलकं वाटलं. ‘मला भीती वाटत नाही’ असं देवाला पटवत बसायची गरज नव्हती. वाटते, हे सांगायचं होतं.

आणि त्याची पहिली मागणी पूर्ण झाली नाही, हेही खरं. ते टळलं नाही. पण तिथून उठून तो चालत पुढे गेला. मी पूर्वी प्रार्थनेचं उत्तर म्हणजे निकालपत्र समजायचे. कधीकधी उत्तर म्हणजे उठून उभं राहण्याइतकं बळ असतं.

केडगावची बाई

पुण्याहून दौंडकडे गाडीने गेला असाल तर वाटेत केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं ‘मुक्ती’ आहे. रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात चार ओळींपुरत्या भेटतात. त्यांचं आयुष्य एकदा नीट वाचा.

जन्म १८५८ चा. संस्कृत शिकवणाऱ्या आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रं फिरत मोठ्या झाल्या. तरुणपणीच दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. भावाबरोबर पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरवलं. मग भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकेतल्या मंडळाने सदनाला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, ती मुदत संपत आली होती. अशा वेळी आपण काय केलं असतं? आधी पैशांची सोय, मग पुढचं. रमाबाई मात्र दुष्काळी भागात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. उपास म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या माळावर तंबू-झोपड्यांत सुरुवात झाली. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींच्या रोजच्या भाकरीची जबाबदारी एका बाईच्या डोक्यावर!

त्या प्रार्थना करायच्या. आणि विहिरी खणून घ्यायच्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुक्तीत चाललं, आणि तिथल्या मुली ते शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी याच काळात केलं. भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नसतं, याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पण ही ‘विश्वास ठेवला आणि सगळं छान झालं’ अशी गोष्ट नाही. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा, त्यांचा उजवा हात, १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. देवावर भरवसा ठेवणाऱ्यांचं दुःख टळतं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्या दुःखातही दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काम करणारी माणसं मला माहीत आहेत, एवढंच सांगू शकते.

मग रात्री अडीच वाजता काय करायचं?

मी काय करते ते सांगते. जमेल ते घ्या.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे ‘आज’, उजवीकडे ‘आज नाही’. डोक्यातली एकेक काळजी योग्य बाजूला लिहायची. बाबांचं काम, आज नाही. तिसऱ्या युनिटची गणितं, आज. नोकरी मिळेल का, आज नाही. बहुतेक रात्री उजवी बाजू भरते आणि डावीकडे दोनतीन गोष्टी उरतात. उजवी बाजू मी देवाला वाचून दाखवते. अगदी नावानिशी. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा तो तुरुंगात होता, आणि तिथून त्याने हेच लिहिलं की काळजी करत बसण्यापेक्षा काय हवंय ते आभार मानून देवाला सांगा. मागितलेलं मिळेलच असं तो म्हणत नाही. मन राखलं जाईल असं म्हणतो. डावी बाजू माझी. ती उद्या सकाळी उठून मी करायची.

सांगताना भाषा शुद्ध हवी, आवाज मऊ हवा, असंही काही नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळसरळ तक्रारी आहेत. देवा, कुठे आहेस, किती वाट बघू, असं विचारणाऱ्या. ती लोकांनी फाडून टाकली नाहीत, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. तेव्हा चिडून बोललात तरी चालेल.

आणि झोपा. जेवा. हे मी आईसारखं बोलतेय, पण याला आधार आहे. एलीया हा मोठा संदेष्टा. जिवाच्या भीतीने पळून रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. देवदूत आला, पण त्याने प्रवचन दिलं नाही, ‘असं बोलू नये’ म्हणून झापलंही नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. एलीया जेवला, झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, कारण पुढचा प्रवास मोठा होता. पुढचं बोलणं नंतर. तुमचा मित्र किंवा मैत्रीण त्या झुडपाखाली बसलेली दिसली तर आधी चहा-वडापाव घेऊन जा. वचनं नंतर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. काळजी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, छाती धडधडते, जेवण जात नाही, कॉलेजला जाववत नाही, किंवा एलीयासारखं ‘आता पुरे’ वाटायला लागलं असेल, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक परंपरेनुसार स्वतः वैद्य होता. सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. येशूनेही त्या रात्री मित्रांना जवळ बोलावलं होतं. एकट्याने सोसायचं, असं त्यानेही ठरवलं नव्हतं.

माझं पुढे काय झालं विचाराल, तर कॉस्टिंग पुढच्या खेपेला सुटला. ती नोकरी काही परत आली नाही. दुसरी लागली, पगार कमी होता. बाबांना काम मिळालं, पण पूर्वीसारखं नाही. देवाने सगळं चुटकीसरशी नीट केलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या दोन वर्षांतला एकेक दिवस मोजला, तर असा एकही आठवत नाही की ज्या दिवसापुरतं काहीच नव्हतं. कधी आजीचा फोन होता, कधी रूममेटने न विचारता भरलेलं मेसचं बिल होतं, कधी नुसती झोप होती. मी रविवारी परत चर्चला जाऊ लागले. सौदा म्हणून नाही.

काळजी अजून वाटते. हा लेख वेळेत होईल का याचीही वाटली. अजूनही काही रात्री पान उजवीकडेच भरतं.

आजीचा फोन अजून येतो. प्रश्न तोच. तर तुम्हालाही विचारते, जेवलात का? नसाल तर आधी जेवून घ्या. उद्याचं उद्या मागू.